थेंबाएवढी प्रयोगशाळा

प्रयोगशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षानळ्या, ओळीने मांडलेल्या बाटल्या, स्टोव्हची निळी ज्योत आणि पांढरा कोट घातलेला एखादा गंभीर चेहरा उभा राहतो. परंतु गेल्या तीन-चार दशकांत या प्रयोगशाळेने आपला पसारा बराच आवरता घेतला आहे. नखाएवढ्या तुकड्यात, केसाएवढ्या रुंदीच्या पाटांतून रक्ताचा वा थुंकीचा एक थेंब फिरवायचा, वाटेत त्याची औषधांशी गाठ घालून द्यायची आणि शेवटी रोग आहे की नाही याचे उत्तर घ्यायचे, हे आता शक्य झाले आहे. या विद्येला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. मराठीत आपण तिला सूक्ष्मप्रवाहशास्त्र म्हणू.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की असा एक तुकडा तयार करणे हा शास्त्राचा प्रश्न आहे. पण तोच तुकडा लाखांच्या संख्येने आणि चहाच्या कपाच्या भावात तयार करणे, हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. आणि तो आपल्या जिल्ह्याच्या दारात येऊन उभा राहिलेला आहे.

आपल्याला याची गरज काय?

बीड जिल्ह्याचे अकरा तालुके ऊसतोड मजुरांचे तालुके म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे गाड्यांत, ट्रकांत बसतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे किंवा थेट बेळगावकडच्या कारखान्यांवर जातात. फडाच्या कडेला कोप्या पडतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसे परततात. वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर काढणाऱ्या या माणसाला क्षयाचा खोकला लागला, तर तपासणीच्या नेहमीच्या पद्धतीत त्याची गाठ पडणे कठीण होते. आज नमुना द्या, चार दिवसांनी या, मग कागद घेऊन पुढच्या दवाखान्यात जा, असे सांगितले की चौथ्या दिवशी तो माणूस दोनशे कोसांवर असतो. खाडा झाला तर मजुरी बुडते, म्हणून फडावरून तो दवाखान्यात जात नाही. खोकला मात्र कोपीतल्या लेकरांपर्यंत पोचतो.

म्हणून या माणसाच्या बाबतीत तपासणी किती अचूक आहे याइतकेच ती किती वेळात होते आणि कोठे होते, याला महत्त्व आहे. नमुना दिला त्याच जागी, त्याच दिवशी उत्तर मिळाले, तर गोळ्या हातात देऊनच त्याला रवाना करता येते. सूक्ष्मप्रवाहशास्त्राचे सारे आश्वासन या एका वाक्यात आहे.

लहान पाटाचे वेगळे कायदे

बिंदुसरेला पूर आला म्हणजे पाणी कसे घुसळत, भोवरे घेत जाते, हे आपण पाहिलेले आहे. केसाएवढ्या पाटात मात्र पाणी असे कधीच वागत नाही. तिथे त्याचा चिकटपणा त्याच्या वेगावर मात करतो. एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळे पाणी सोडले, तर दोन्ही प्रवाह एकाच पाटातून शेजारी शेजारी, न घुसळता, शिस्तीने पुढे जातात. मिसळण होते ती केवळ कणांच्या आपोआप पसरण्याने.

या पसरण्याचा नियम मोठा मजेशीर आहे. अंतर शंभरपट वाढले, तर लागणारा वेळ दहा हजारपट वाढतो. रक्तातल्या एखाद्या सामान्य प्रथिनाला एक दशांश मिलिमीटर पसरायला मिनिटभर पुरते. त्यालाच एक सेंटिमीटर पसरायचे तर जवळजवळ सात दिवस लागतात. परीक्षानळी ढवळावी लागते ती यासाठी. पाटच इतका अरुंद केला, की कोणत्याही कणाला फार लांब जावेच लागू नये, तर ढवळणे नको आणि वाट पाहणेही नको. थेंब लहान असल्यामुळे तो चटकन तापतो आणि चटकन निवतो. औषधही थेंबाच्या मानानेच लागते, आणि महागड्या औषधांच्या बाबतीत ही बचत लहानसहान नसते.

पाणी ढकलायला पंप हवाच असेही नाही. बीडजवळच्या खजाना विहिरीचे पाणी सोळाव्या शतकापासून भुयारी पाटाने, केवळ उताराच्या जोरावर शेतांकडे जात आले आहे. तिथे मोट नाही की रहाट नाही. सूक्ष्म पाटात उताराची जागा केशाकर्षण घेते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा कागद किंवा अरुंद पाट थेंबाला स्वतःच पुढे ओढतो.

कागदाच्या पट्टीची करामत

या तत्त्वावरची सर्वांत साधी आणि सर्वांत यशस्वी वस्तू आपण सर्वांनी पाहिली आहे. ती म्हणजे झटपट चाचणीची पट्टी. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीची एका टप्प्यात उत्तर देणारी पट्टी 1988 साली क्लिअरब्लू या नावाने बाजारात आली. मलेरियाची पट्टी आज आशाताईंच्या पिशवीत असते. ‘पॅराचेक’ नावाची अशी एक पट्टी गोव्यात, वेर्णा येथे तयार होऊन देशोदेशी गेली. आणि 2021 च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅब या कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्यता दिली. घरच्या घरी करायची ही भारतातली पहिली कोरोना चाचणी. तिची किंमत 250 रुपये होती आणि उत्तर पंधरा मिनिटांत मिळत असे.

पट्टीच्या पोटात काय असते? पहिल्या टोकाला थेंब शोषून घेणारे टिपकागदासारखे अस्तर. त्यापुढे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडे. इतके बारीक सोने पिवळे दिसत नाही, लाल दिसते. पुढे नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा आणि त्यावर न दिसणाऱ्या दोन रेषा. थेंब वाहत जाताना रोगाचे द्रव्य सोन्याच्या कणांना पकडते, आणि पहिल्या रेषेवरची प्रतिपिंडे त्या जोडगोळीला अडवतात. तिथे लाल रेघ उमटते. दुसरी रेघ फक्त एवढेच सांगते, की थेंब शेवटपर्यंत पोचला, चाचणी नीट झाली. ही दुसरी रेघ उमटली नाही तर पहिलीवर विश्वास ठेवायचा नाही.

आता ही पट्टी स्वस्त का, ते पाहू. ती एकेक करून कोणी बनवीत नाही. पांढरा पडदा कापडाच्या ताग्यासारखा गुंडाळीवर येतो. धावत्या पडद्यावर यंत्र औषधाच्या दोन सरळ रेषा ओढते, बाकीचे थर कडेकडेने चिकटवले जातात आणि शेवटी सुरी चालते. चार मिलिमीटर रुंदीची पट्टी धरली, तर शंभर मीटरच्या एका गुंडाळीतून 25 हजार पट्ट्या निघतात. वर्तमानपत्र जसे छापून, घडी घालून, कापून बाहेर पडते, तसाच हा प्रकार. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली कागदावरच पाणी न शोषणाऱ्या रेघा आखून त्यांच्यामध्ये पाट तयार केले आणि एका थेंबाला अनेक वाटांनी पाठवून एकाच वेळी एकाहून अधिक चाचण्या करून दाखवल्या. कागद स्वस्त, हलका आणि वापर झाल्यावर जाळून टाकता येण्याजोगा, हा त्यांचा विचार होता.

स्वस्त म्हणजे योग्य नव्हे

मग क्षयासाठीही अशीच रक्ताची पट्टी का काढू नये? काढली होती. एकेकाळी अशा चाचण्या आपल्या देशात सर्रास विकल्या जात आणि खासगी दवाखान्यांत केल्याही जात. परंतु क्षयाच्या बाबतीत रक्तातली प्रतिपिंडे पाहून भरवशाचे उत्तर मिळत नाही. रोगी नसलेल्याला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवणाऱ्या या चाचण्या वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली बजावले, आणि 2012 साली भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन व विक्री बंद केली. चुकीची वस्तू लाखांनी आणि स्वस्त बनली, तर चूकही लाखांनी आणि स्वस्तात होते. स्वस्ताईचे गोडवे गाताना हा धडा विसरता कामा नये.

क्षयाचा जंतू शोधायचा तर तो थुंकीतच शोधावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण 5,000 ते 10,000 जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर नजर चुकते. याला उपाय म्हणजे जंतूच्या जनुकद्रव्याच्या प्रती काढणे. कॅरी म्युलिस यांनी 1983 साली शोधलेल्या पीसीआर पद्धतीत द्रव तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा; दर फेरीला प्रती दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. बुद्धिबळाच्या पटावर गहू मागणाऱ्या विद्वानाच्या गोष्टीतला हाच हिशेब.

पण यासाठी जंतूची जाड भिंत फोडायची, घाण धुऊन काढायची, शुद्ध द्रव्य वेगळे करायचे आणि अचूक तापमान राखायचे. हे सारे वातानुकूलित प्रयोगशाळेतले काम. ते तालुक्याच्या टेबलावर आणण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारी, गोव्यात झाला. बेंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झालेले ‘ट्रूनॅट’ हे यंत्र मोलबायो डायग्नोस्टिक्स ही गोव्याची कंपनी तयार करते. थुंकी पातळ करून एका बंद प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये घालतात. तिथे आतल्या आत जनुकद्रव्य वेगळे होते. त्यातले फक्त 6 मायक्रोलिटर, म्हणजे पावसाच्या एका लहान थेंबाएवढे, छोट्या चिपवर ठेवायचे. यंत्र बॅटरीवर चालते आणि तासाभरात उत्तर देते. रोग आढळला तर रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हे दुसऱ्या चिपवर पाहता येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली क्षयाच्या पहिल्या तपासणीसाठी या पद्धतीला मान्यता दिली. त्याच वर्षी कोरोनाच्या तपासणीसाठीही ही यंत्रे देशभर कामाला लागली. वीज जाणे हे ज्या गावांचे रोजचे वेळापत्रक आहे, तिथे ‘बॅटरीवर चालते’ या दोन शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको.

साच्याची गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. असे पाट असलेले तुकडे लाखांनी बनवायचे कसे?

सुरुवातीला हे पाट सिलिकॉनच्या चकतीवर किंवा काचेवर, संगणकाच्या चिपा बनवतात त्याच रीतीने कोरले जात. काम अचूक, पण धूळविरहित खोली हवी आणि खर्च भारी. पुढे 1990 च्या दशकात रबरासारखे पारदर्शक सिलिकोन साच्यावर ओतून, भट्टीत वाळवून, सोलून काढण्याची युक्ती निघाली. गणपतीच्या मूर्तीसाठी रबराचा साचा करतात, जवळपास तसेच. या युक्तीमुळे कोणत्याही विद्यापीठात एका-दोन दिवसांत नवा नमुना करून पाहता येऊ लागला आणि शोधनिबंधांचा पूर आला. पण प्रत्येक नग ओतायचा, काही तास तापवायचा, हाताने सोलायचा, भोके पाडायची. अशाने दहा नग होतात, दहा लाख होत नाहीत. कितीतरी उत्तम कल्पना या एका उंबरठ्यावर अडखळल्या. प्रयोगशाळेत चालणारी वस्तू आणि कारखान्यात बनू शकणारी वस्तू या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे फार जणांना उशिरा उमगले.

मोठ्या संख्येचा मार्ग प्लॅस्टिकच्या मोल्डिंगमधून जातो. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून प्रचंड दाबाने धातूच्या साच्यात सारायचा, निवला की बाहेर काढायचा. साच्यावर जिथे उंचवटा, तिथे तुकड्यावर पाट. एका नगाला काही सेकंद लागतात. इतकी बारीक नक्षी अशी उतरते का, ही शंका गाण्यांच्या सीडीने केव्हाच दूर केली आहे. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवरच्या ओळींमध्ये 1.6 मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या चाळीसाव्या हिश्शाहून कमी अंतर असते. तीही निकेलच्या ठशावरून, पॉलिकार्बोनेटच्या दाण्यातून, काही सेकंदांत एक या गतीने निघत असे.

याचे मोठे भावंड तर आपल्या शेतात पडलेले आहे. ठिबकच्या नळीतला ड्रिपर उघडून पाहा. त्यात मिलिमीटरभर रुंदीची नागमोडी वाट दिसेल. इस्राएलमध्ये 1965 साली नेटाफिम कंपनी निघाली. आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या जैन इरिगेशनने ठिबक रुजवले. ड्रिपर साच्यात बनतात आणि नळी यंत्रातून बाहेर पडत असतानाच तिच्या आत चिकटवले जातात. शेताच्या या टोकाला तासाला चार लिटर आणि त्या टोकाला तीन लिटर पाणी पडू लागले, तर शेतकरी दुकानदाराला सोडत नाही. म्हणजे लाखो नगांतून एकसारखे पाणी वाहवणे, हे या उद्योगाचे खरे कसब.

चिपमध्ये हे कसब आणखी कठीण होते. रुंद आणि उथळ पाटातला प्रवाह खोलीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. पाट फक्त दहा टक्के उथळ झाला, तर प्रवाह दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटतो. साचा थोडा झिजला, दाणा थोडा ओलसर राहिला, तुकडा निवताना थोडा वाकला, की उत्तर बदलले. शिवाय उघडा पाट कामाचा नाही. त्यावर झाकण बसवावे लागते. डिंक लावावा तर तो पाटात उतरून वाट बुजवतो. उष्णतेने चिकटवावे तर पाटच दबतो. या क्षेत्रातले जाणकार सांगतात, की कोरण्यापेक्षा झाकण्यात आणि औषध आत भरून सुकवण्यातच खर्च आणि डोकेदुखी अधिक असते.

स्वस्ताई येते कोठून?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपण स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकतो. समजा, एका साच्याला 20 लाख रुपये लागले. त्यातून शंभरच चिपा काढल्या, तर प्रत्येकीवर साच्याचेच 20 हजार रुपये बसतात. वीस लाख चिपा काढल्या, तर एक रुपया. प्लॅस्टिकचा दाणा तर पैशांतच मोजावा. म्हणजे स्वस्ताई जन्माला येते ती संख्येतून.

मग ही संख्या कोण देणार? शहरातल्या मोजक्या श्रीमंत रोग्यांना महागडी तपासणी परवडते, पण ते थोडे आहेत. साच्याचा खर्च फेडणारी संख्या खोकणाऱ्या, ताप अंगावर काढणाऱ्या गोरगरिबांची आहे. फक्त तिच्या हातात पैसा नाही. इथे सरकारी खरेदीचे महत्त्व येते. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत असतात, याचाच अर्थ सर्वांच्या वतीने एकच मोठे गिऱ्हाईक बाजारात उभे राहते. त्याने पुढच्या काही वर्षांची मागणी आधी सांगितली, तर कारखानदार साच्यात पैसा घालतो. मागणी लहरीने आली, एका वर्षी महापूर आणि दुसऱ्या वर्षी दुष्काळ, तर साचा गंजतो आणि किंमत चढते. कोरोनाच्या दोन वर्षांत देशात चाचण्यांचे उत्पादन एवढे वाढले, ते नवा नियम सापडला म्हणून नव्हे. मागणीची खात्री होती म्हणून.

या हिशेबात मला एक गोष्ट मोलाची वाटते. ऊसतोड मजुराकडे आपण नेहमी उपकाराचा धनी म्हणून पाहतो. पण वस्तू स्वस्त होते ती त्याच्यासारखी माणसे मोजणीत धरली तर. त्याला वगळून केलेली चिप महागच राहील, आणि ती मग मध्यमवर्गालाही महागच पडेल. गरिबाची संख्या हीच इथे भांडवल आहे.

शेवटच्या काही कोसांचे प्रश्न

अर्थात कारखान्याच्या फाटकातून चिप बाहेर पडली, की काम संपले असे होत नाही. पुष्कळ पट्ट्यांच्या पाकिटावर ‘30 अंशांखाली ठेवा’ असे छापलेले असते आणि वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेले खोके उन्हात तापले, तर आतली प्रतिपिंडे बिघडतात आणि पट्टी खोटे बोलू लागते. वापरून झालेल्या तुकड्यात रोगजंतू असतात. त्यांची विल्हेवाट 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे लावावी लागते, गावाच्या उकिरड्यावर टाकून चालत नाही. यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. आणि हे सारे असले तरी, तपासणीनंतर गोळ्या कोणी द्यायच्या, फडावर गेलेल्या माणसाच्या गोळ्या त्या जिल्ह्यात कोणी पुढे चालू ठेवायच्या, हे प्रश्न चिप सोडवू शकत नाही. ते माणसांनीच सोडवायचे आहेत.

तरीही एक दिशा स्पष्ट दिसते. गावातून गाड्या निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात, ज्या गावातून माणसे जातात त्याच गावात, खोकणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करून त्याच दिवशी उत्तर द्यायचे, हे काल अशक्य होते. आज त्याला लागणारी साधने आपल्या देशात, आपल्या शेजारीच तयार होत आहेत. मुकादम उचल देण्यापूर्वी कोयत्यांची मोजणी करतो. त्याच सुमारास त्या कोयत्यामागच्या दोन माणसांच्या छातीची चौकशी कोणी केली, तर ती फार मोठी मागणी ठरू नये.